रास, मोल आणि तव्यावरचा सोडा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीत दोन हिशेब सोबत चालतात. उभ्या बागेत मोजतात ते घड, आणि गाडी काट्यावर गेली की मोजतात ते क्विंटल. दोन्हींना जोडणारा शब्द म्हणजे रास, म्हणजे एका घडाचं सरासरी वजन. २० किलोची रास पडली आणि काट्यावर ४० क्विंटल भरले, तर घड २००. त्यासाठी कुणी गाडीत चढून घड मोजत बसत नाही.

नववीच्या विज्ञानात मोल येतो आणि वर्ग गप्प होतो. खरं तर तिथे रासेच्या हिशेबापेक्षा वेगळं काहीच नाही. अणू-रेणू मोजायचे आहेत, पण ते दिसत नाहीत आणि हातात येत नाहीत. हातात आहे फक्त तराजू. मग एका ठरावीक संख्येइतक्या कणांचं वजन आधी माहीत करून घ्यायचं आणि जे पुढ्यात आहे त्याच्या वजनाला त्याने भागायचं. ती ठरावीक संख्या म्हणजे ६०२२ आणि पुढे २० शून्यं. एवढे कण म्हणजे एक मोल. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, खाण्याच्या सोड्याचा ८४ ग्रॅम, लोखंडाचा ५६ ग्रॅम, सोन्याचा १९७ ग्रॅम. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने बघितलं तर एक मोल सोनं म्हणजे जवळजवळ १७ तोळे. मोठा घोटभर पाण्यात जेवढे रेणू, तेवढेच अणू त्या १७ तोळ्यांत.

या संख्येला अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव असलं तरी त्या इटालियन शास्त्रज्ञाने ती काढलेली नाही. त्याने १८११ मध्ये एवढंच मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणू सारखेच असतात. संख्येचा पहिला अंदाज १८६५ मध्ये लोश्मिट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या कामातून आला, तोवर अ‍ॅव्होगॅड्रोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. कित्येक पुस्तकांत अजून '१२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू म्हणजे एक मोल' अशी व्याख्या सापडते. २० मे २०१९ पासून ती बदलली आहे. आता संख्याच नेमकी ठरवून टाकली आहे, कार्बनच्या वजनावर ती अवलंबून नाही. शाळेच्या गणितात याने काही फरक पडत नाही. व्याख्येच्या प्रश्नात मात्र आपल्या पुस्तकात आहे तेच लिहा.

भागाकार सोपा आहे. चुकतं ते एका मोलचं वजन काढताना, आणि बहुतेक वेळा कंसापाशी. विरलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड घ्या. कॅल्शिअमची संयुजा, म्हणजे जोडी जमवायची ताकद, २; हायड्रॉक्साइड मूलकाची, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडगटाची, १, म्हणून एका कॅल्शिअमला दोन हायड्रॉक्साइड. सूत्रात मूलक कंसात असतं आणि २ कंसाच्या बाहेर. तो २ कंसातल्या सगळ्यांना लागू आहे: ऑक्सिजन दोन, हायड्रोजनही दोन. कॅल्शिअम ४०, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धरून वजन ४० + २ × (१६ + १) = ७४. पण २ फक्त शेवटच्या हायड्रोजनला लावला की ४० + १६ + २ = ५८ येतं. हे ५८ उत्तरपत्रिकांत इतकं सर्रास दिसतं की ते दुसऱ्याच एखाद्या पदार्थाचं वजन आहे असं वाटावं. कंस गाळून सूत्र लिहायची सवय असेल तर ती आधी मोडा.

समीकरण संतुलित करताना दुसरी चूक होते. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, ऑक्सिजनचाही दोन अणूंचा, पण पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन एकच. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडला म्हणून मुलं पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली बारीक २ लिहितात. आकडे जुळतात, पण आता ते पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायला मिळतं ते. सूत्राच्या पोटातला बारीक अंक पदार्थाची ओळख आहे, त्याला हात लावायचा नाही. बदलायचा तो सूत्राच्या डाव्या बाजूचा मोठा अंक, म्हणजे रेणू किती घेतले तो. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी.

संतुलन कशाला करायचं, फक्त गुणांसाठी? याचं उत्तर फळ्यावर पटत नाही, तव्यावर पटतं.

खाण्याचा सोडा, म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, तापवला की त्याचे सोडिअम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. पाणी वाफ होऊन जातं, वायू हवेत जातो, मागे धुण्याचा सोडा उरतो. संतुलित समीकरण सांगतं की खाण्याच्या सोड्याच्या दोन मोलमधून धुण्याच्या सोड्याचा एकच मोल होतो. वजनाने १६८ ग्रॅममधून १०६ ग्रॅम. समीकरण संतुलित न करता एकास एक धरलं तर ८४ ग्रॅममधून १०६ ग्रॅम यायला हवेत. म्हणजे पदार्थातून वाफ आणि वायू निघून गेले आणि वजन मात्र वाढलं! तराजूच सांगेल कोण बरोबर ते.

साहित्य थोडं लागतं: नव्या पाकिटातला खाण्याचा सोडा, लोखंडी तवा किंवा स्टीलची पसरट ताटली, आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. किराणा दुकानातला काटा चालणार नाही, त्याला इथला फरक कळतच नाही. आधी कोरडी ताटली तोलून वजन लिहून ठेवा. तिच्यात ८.४ ग्रॅम सोडा घ्या. हा मोलचा दहावा भाग. पातळ थर पसरा आणि मंद ते मध्यम आचेवर अर्धा तास ठेवा, अधूनमधून चमच्याने हलवा. थोड्या वेळात पूड आपोआप हलते, आतून कुणी फुंकर घालावी तशी. तो बाहेर पडणारा वायू आहे. आच मोठी केली तर पूड उडते आणि वजन फुकट जातं. गार झाल्यावर ताटलीसकट तोला. गरम ताटली काट्यावर ठेवली तर काटा चुकतो आणि बिघडतोही.

हिशेबाने ५.३ ग्रॅम उरायला हवेत. पहिल्या खेपेला सहाच्या आसपास आले तर घाबरू नका, सोडा अजून पुरता बदललेला नाही. परत दहा मिनिटं तापवा, गार करा, तोला. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की काम झालं. ५.३ च्या खाली गेलात तर पूड उडाली किंवा चमच्याला लागून गेली, नाहीतर सोडा मुळातच दमट होता. पावसाळ्यात उघड्या डब्यातला सोडा हमखास असा दगा देतो. अ‍ॅल्युमिनिअमचं भांडं घेऊ नका, धुण्याचा सोडा ओला झाला की त्याला खातो. उरलेली पूड चाखायची नाही आणि डोळ्याजवळ न्यायची नाही. हात साध्या पाण्याने धुवा.

पण ती पूड टाकूही नका, हळदीला लागते. चमचाभर हळद ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा, गाळा, त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. पाण्यात कालवलेली हळद तितकी चालत नाही, कारण तिचा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही. स्पिरिटची बाटली गॅसपासून लांब ठेवा. आता दोन वाट्यांत थोडं पाणी घेऊन एकीत खाण्याचा सोडा आणि दुसरीत तव्यावरची पूड विरघळवा आणि दोन्हींत एकेक पट्टी बुडवा. दुसरी पट्टी झटकन विटकरी लाल होते. पहिली पिवळीच राहते, फार तर नारिंगी छटा येते.

हळद सगळ्याच आम्लारींना लाल होते असं पाठ केलेल्यांचा इथे गोंधळ होतो. पीएच म्हणजे आम्ल-आम्लारीपणा मोजायचा आकडा: ७ मधला, खाली आम्ल, वर आम्लारी. हळदीचा रंग साधारण पीएच ७.४ ते ८.६ च्या टप्प्यात पालटतो. खाण्याच्या सोड्याचं पाणी ८.३ च्या आसपास, म्हणजे ऐन उंबरठ्यावर. धुण्याच्या सोड्याचं ११ च्या पुढे. हळदीसारखा रंग बदलणारा दर्शक पीएच सांगत नाही, 'माझ्या उंबरठ्याच्या अलीकडे की पलीकडे' एवढंच सांगतो. चुन्याची निवळी तर १२ च्या वर, म्हणून हळद-चुन्याचं कुंकू इतकं गडद होतं. पापडखारालाही हळद लाल होते, कारण त्यात मुख्यतः सोडिअम कार्बोनेटच असतं. उडदाच्या पापडात खार जास्त पडला की तळताना पापड लाल पडतो हे घरोघरी माहीत आहे, पण त्याचा हळदीच्या लालशी संबंध नाही. आम्लारीमुळे पिठातली प्रथिनं आणि साखर यांची तापल्यावरची क्रिया वेगाने होते, आणि तो लालपणा तिचा.

आम्लाचा रंगही बघायचा असेल तर हळद उपयोगाची नाही, ती आम्लात पिवळीच राहते. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरा: आम्लात लालगुलाबी, आम्लारीत हिरवट. वांग्याच्या जांभळ्या सालीवरही हे जमतं, पण भरताचं आपलं हिरवट-पांढरं वांगं घेऊन बसू नका. त्यात तो जांभळा रंगच नाही.

आता व्हिनेगर आणि सोडा. हा प्रयोग यूट्यूबवर ज्वालामुखी म्हणून फार झाला. फेस दाखवून संपवायचा तो प्रयोग नव्हे. वजन करून केला तर 'आधी संपतो तोच क्रिया थांबवतो' हा अख्खा मुद्दा त्यात बसतो. कळण्याच्या भाकरीच्या पिठाला ज्वारी चार वाट्या तर उडीद एक. घरात ज्वारी बारा वाट्या आहे आणि उडीद दोनच, तर कळणं आठ वाट्या ज्वारीपुरतंच होणार. चार वाट्या ज्वारी तशीच राहणार. किती होईल ते उडीद ठरवतो, ज्वारीचा ढीग कितीही मोठा असला तरी.

बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं पांढरं व्हिनेगर घ्या. १०० मिलीत अ‍ॅसेटिक आम्ल ४ ग्रॅम. त्याचा मोल ६० ग्रॅमचा, म्हणून ०.०६७ मोल. आम्ल आणि सोडा एकास एक लागतात. ०.०६७ ला ८४ ने गुणा, सोडा आला ५.६ ग्रॅम. बाटलीवर ५ टक्के असेल तर हाच हिशेब ७ ग्रॅमवर जातो, म्हणून लेबल आधी वाचा.

एक लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत १०० मिली व्हिनेगर ओता. तीन फुग्यांत कागदाच्या नरसाळ्याने सोडा भरा: २.८, ५.६ आणि ११.२ ग्रॅम. फुगे आधी एकदा तोंडाने फुगवून सोडून द्या, नवा फुगा फार ताठ असतो. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा, तोंडापाशी घट्ट धरा, मग उचलून सोडा आत झटका. बाटली हाताला गार लागते. ही क्रिया उष्णता ओढून घेते. पाच मिनिटं हलवत राहा.

दुसरा फुगा पहिल्यापेक्षा मोठा होतो, तिसरा दुसऱ्याएवढाच राहतो. चौपट सोडा घातला तरी वायू दुप्पटच, कारण आम्ल संपलं. तिसऱ्या बाटलीत उरलेला सोडा तळाशी दिसेल म्हणून शोधू नका. १०० मिली पाणी ९ ग्रॅमहून जास्त सोडा सहज विरघळवतं आणि इथे उरलेत ५.६. तो आहे हे बघायचं तर फुगा काढून चमचाभर व्हिनेगर टाका, परत फसफसतं. पहिल्या बाटलीत व्हिनेगर टाकून काही होणार नाही, तिथे चिमूटभर सोडा टाका. मधल्या बाटलीत दोन्हींपैकी काहीही टाकलं तरी फारशी फसफस होत नाही. हिशेब बरोबर जमल्याची खूण हीच.

इथे एक शंका येते: दुसरा फुगा दुप्पट का दिसत नाही? पहिला साधारण १२ सेंटिमीटर रुंद, दुसरा १५. बरोबर आहे. गोळ्याचं आकारमान दुप्पट झालं की रुंदी १.२६ पटच वाढते. डोळ्यावर विसंबू नका. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवा, गाठ मारलेला फुगा पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. चमच्याने सोडा घेणाऱ्यांचा प्रयोग मात्र इथेच बिघडतो; सपाट चमच्यात ५ ग्रॅमच्या आसपास आणि शीग असलेल्या चमच्यात त्याच्या दीडपट-दुप्पट.

किती पाणी सांडायला हवं? पुस्तकात एक मोल वायू २२.४ लिटर. पण हा आकडा शून्य अंश सेल्सिअसला आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला आहे. दाब एक बार (त्याहून किंचित लहान एकक) धरला तर २२.७ होतो, म्हणून दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतात. जळगावात शून्य अंश कुठून आणणार? मे महिन्यात ४४ अंशाला तोच मोल २६ लिटरचा होतो: २२.४ ला ३१७ ने गुणून २७३ ने भागायचं, कारण तापमान केल्विनमध्ये, म्हणजे अंशांत २७३ मिळवून, घ्यावं लागतं. अंशात गणित केलं तर शून्याने भागायची वेळ येते. शहर समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर, दाब किंचित कमी, म्हणून प्रत्यक्षात साडेसव्वीसच्या आसपास. मेच्या दुपारी मधल्या फुग्यात १.८ लिटरच्या आसपास वायू यायला हवा आणि डिसेंबरच्या गारठ्यात, १२ अंशाला, १.६ च्या आसपास. मोजलेलं याहून थोडं कमीच भरेल, कारण शंभरेक मिली वायू बाटलीतल्या पाण्यातच विरघळून राहतो. याहून फार कमी आलं तर फुग्याच्या तोंडाशी गळती बघा.

चुनकळीचा, म्हणजे न विरलेल्या चुन्याचा (कॅल्शिअम ऑक्साइडचा), पाणी घालून विरवण्याचा हिशेबही असाच, पण तो वहीत करा, हाताने नको. ५६ ग्रॅम चुनकळीला १८ ग्रॅम पाणी, म्हणजे एक किलोला ३२१ ग्रॅम. पण तेवढंच पाणी घातलं तर चुना पुरता विरत नाही, कारण निघणारी उष्णता बरंचसं पाणी वाफ करून उडवते. संतुलित समीकरण कमीत कमी किती लागेल ते सांगतं, भांड्यातून काय निसटेल ते नाही. चुना उकळून डोळ्यात उडाला तर डोळा जातो, म्हणून हे काम मोठ्यांचं, आणि त्यांनीही पाणी थोडंथोडं घालायचं.

शेवटी खताची गोणी. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला मोलचं गणित इथे रोज लागतं. युरियाच्या एका मोलमध्ये नायट्रोजन २८ ग्रॅम आणि एकूण वजन ६०. २८ भागिले ६० म्हणजे ४६.७ टक्के, गोणीवर ४६ लिहिलेलं असतं ते इथून येतं. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन २०.७ किलो. अमोनिअम सल्फेटला हेच करून बघा. कंसाबाहेरचा २ नीट घेतलात तर मोल १३२ चा येतो आणि नायट्रोजन २१ टक्के. तो २ विसरलात तर ११४ आणि १२ येतं, आणि ते गोणीवरच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

केळीला लागणाऱ्या पोटॅशच्या गोणीवर ६० लिहिलेलं असतं, पण ते ६० टक्के पोटॅशिअम नव्हे. खतांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तो आकडा पोटॅशिअम ऑक्साइडच्या हिशेबात लिहितात, गोणीत ऑक्साइड नावालाही नसलं तरी. आत असतं पोटॅशिअम क्लोराइड. ऑक्साइडच्या ९४ ग्रॅममध्ये पोटॅशिअम ७८ ग्रॅम, म्हणून ६० ला ७८ ने गुणून ९४ ने भागा: जवळपास ५० टक्के. पन्नास किलोच्या गोणीत खरं पोटॅशिअम २५ किलो. डीएपी म्हणजे डायअमोनिअम फॉस्फेट या खताच्या ४६ चंही तसंच, तो फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आकडा आहे. त्याच्या १४२ ग्रॅममध्ये फॉस्फरस ६२ ग्रॅम. पन्नास किलोच्या गोणीत फॉस्फरस किती, ते वहीत काढा. उत्तर १० किलोच्या आसपास यायला हवं, २३ आलं तर शेवटचा भागाकार राहिला.